आईने ज्या गोळ्यांसाठी वाट पाहिली, त्या मुलगी का घेत नाही?

प्रश्न एका मावशीचा आहे, थोडक्यात देते: "माझी थोरली बहीण आणि तिची मुलगी, दोघींनाही एचआयव्ही आहे. भावजी २००३ मध्ये गेले, तेव्हा भाची वर्षाची होती. बहिणीने इतक्या वर्षांत एक गोळी चुकवली नाही. भाची आता पुण्यात नोकरी करते. गोळ्या बहीणच गावाकडच्या केंद्रातून आणून तिला पाठवते. दिवाळीत तिच्या बॅगेत तीन महिन्यांच्या गोळ्या न उघडलेल्या सापडल्या. बहीण म्हणते, आम्ही या गोळ्यांसाठी मरत होतो आणि हिला त्याची किंमत नाही. दोघींचं बोलणं बंद आहे. मी काय करू?"

ताई, तातडीचं आधी सांगते. गोळ्या बंद झाल्या की साधारण दोन ते चार आठवड्यांत विषाणू रक्तात पुन्हा वाढू लागतो. भाचीला मात्र काहीच जाणवणार नाही. वजन तेच, काम तेच, भूक तीच. असे कित्येक महिने जाऊ शकतात आणि "गोळी न घेताही मी बरीच आहे" असा समज पक्का होत जातो. आतून प्रतिकारशक्ती उतरत असते आणि बऱ्याचदा पहिली खूण टीबीची दिसते. म्हणून तिला खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजनात घट यातलं काही आहे का ते आज विचारा. असेल तर रागरुसवा बाजूला ठेवून उद्याच दवाखाना गाठा. नसेल तर घाबरून जाऊ नका. औषध पुन्हा सुरू करता येतं. त्यात पुढे काय काय असतं ते शेवटी सांगते.

आता बहिणीच्या बोलण्याकडे येते. मी पश्चिम महाराष्ट्रात एका शासकीय एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, समुपदेशक आहे आणि सरकारी औषध यायच्या आधीपासून याच कामात आहे. बहीण म्हणते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण ते तिच्या पिढीचं खरं आहे. मुलीला तो आजार त्या रूपात कधी भेटलाच नाही.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी ते काम केलं. त्यानंतर आपल्याकडे आधी भीती आली, औषध फार उशिरा आलं. शेजारच्या गोव्यात तर भीतीचाच कायदा झाला होता. डॉमनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. त्याचं रक्त पॉझिटिव्ह निघालं म्हणून १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला उचललं आणि म्हापशाला जुन्या क्षयरुग्णालयात एकट्याला कोंडून ठेवलं. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, तर न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. डॉमनिक दोन महिन्यांनी बाहेर आला, लोकांना एकत्र करू लागला आणि १९९२ मध्ये गेला. त्या काळात ज्यांचा रिपोर्ट आला त्यांना सरकार, डॉक्टर, शेजारी, सगळ्यांची एकदमच भीती होती.

नव्वदच्या दशकातला वॉर्ड तुमच्या बहिणीला आठवत असेल. खाटेवर मोठ्या अक्षरात लिहिलेला रिपोर्ट, वाढपी ताट लांबूनच सरकवतोय, ऑपरेशनची तारीख पुढे पुढे ढकलली जातेय. घरात जेवायचं ताट वेगळं, न्हाणीघर वेगळं. नवरा ड्रायव्हर असायचा, मुंबईत हमाली करायचा, नाहीतर आमच्या भागातल्यासारखा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कामाला परराज्यात असायचा. तो आजारी होऊन गावी यायचा, सासू-सुना शेवटपर्यंत त्याची उस्तवार करायच्या आणि तेरावं झालं की सुनेला माहेरी धाडायचे. "हिनेच आणलं" म्हणायचे. नवऱ्याच्या नावची जमीन दिरांच्या नावावर चढायची. बाईची तपासणी नवरा गेल्यानंतर व्हायची, तीही पुष्कळदा न विचारता, गरोदरपणात किंवा लेकरू सारखं आजारी पडतंय म्हणून. वीस-बावीस वर्षांच्या विधवा कडेवर मूल घेऊन आमच्यासमोर बसायच्या. त्यांना सांगण्यासारखं आमच्याकडे असायचं ते एवढंच, की चांगलं खा, काळजी करू नका. खायला असायचंच असं नाही.

औषध जगात होतं. १९९६ पासून तीन औषधं एकत्र दिली की माणूस जगतो हे सिद्ध झालं होतं. पण त्या उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त खर्च यायचा. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरला एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेला देऊ केली आणि आफ्रिकेपासून आपल्यापर्यंत सगळीकडचं गणित बदललं. तरी ३५० डॉलर म्हणजे तेव्हाचे सोळा हजारांच्या आसपास रुपये. शेतमजुरी करणाऱ्या विधवेला तेही कुठून परवडणार? घरात दोघं पॉझिटिव्ह असतील तर एकाचंच औषध घ्यायचं, आणि ते कोणाचं हे घरच्यांनी ठरवायचं. अशा घरांत मी बसलेले आहे. बहुतेक ठिकाणी निर्णय पुरुषाच्या बाजूने लागायचा.

१ एप्रिल २००४ ला सरकारने मोफत एआरटी सुरू केली. सुरुवातीला देशात फक्त आठ केंद्रं होती, त्यात मुंबईचं जे. जे. रुग्णालय. तिथेही लगेच गोळ्या मिळत नसत. सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, २०० च्या खाली उतरल्या किंवा आजार फार बळावला तरच औषध सुरू व्हायचं. २६० निघाला तर "अजून चांगला आहे, सहा महिन्यांनी या" असं सांगून परत पाठवायचं. औषध मिळावं म्हणून आणखी आजारी पडायची वाट पाहणारी माणसं मी पाहिली आहेत. ही अट पुढे हळूहळू सैल होत गेली, २५०, ३५०, ५००. २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडी फोर कितीही असो, औषध लगेच.

आणि त्या पहिल्या गोळ्या काय होत्या! त्यातल्या स्टॅव्ह्युडीनने गालाची चरबी जायची, गालफडं आत जायची, हातापायांच्या शिरा वर यायच्या, तळव्यांची आग व्हायची. नेव्हिरापीनने अंगावर पुरळ उठायचं, एखाद्याचं लिव्हर बिघडायचं. झिडोव्ह्युडीन दिलं तर रक्त कमी व्हायचं. जीव वाचायचा पण गावात चेहऱ्यावरून ओळखू यायचं. तुमच्या बहिणीने हे सगळं सोसून वेळच्या वेळी गोळी घेतली, कारण न घेणाऱ्याचं काय होतं ते तिने नवऱ्याच्या उशाशी बसून पाहिलं होतं. तिच्यासाठी ती गोळी म्हणजे लेकरू मोठं होईपर्यंत जिवंत राहण्याची सोय होती. तो हिशेब तिने पूर्ण केला. आता ज्या लेकरासाठी केलं तेच गोळी टाकतंय म्हटल्यावर तिच्या पोटात काय होत असेल, हे मी समजू शकते.

आता भाचीचं. तिच्या वयाच्या, जन्मापासून एचआयव्ही असलेल्या मुलामुलींबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण त्यांच्याबद्दल आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं.

आईकडून बाळाला होणारी लागण काहीच उपाय केला नाही तर शंभरात १५ ते ४५ बाळांना होते. २००२ च्या सुमारास प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरापीनची एक गोळी आणि बाळाला थोडं औषध देण्याचा कार्यक्रम नुकता कुठे सुरू होत होता, तोही निवडक रुग्णालयांत. तालुक्याच्या गावी बाळंत झालेल्या बाईपर्यंत तो पोहोचलाच नाही. लहान मुलांसाठी वेगळी औषधं सरकारी कार्यक्रमात आली ती २००६ च्या अखेरीस. तोवर मोठ्यांच्या गोळ्या वजनाच्या अंदाजाने मोडून, अर्ध्या-पाव करून द्यायच्या. कडू लागायच्या, पोरं ओकायची, आज्या गुळात घालून भरवायच्या. हो, बहुतेक आज्याच, कारण कित्येक घरांत मधली पिढी उरलीच नव्हती. ज्यांना आजीही नव्हती त्यांना पंढरपूरच्या 'पालवी'ने, पुण्याच्या 'मानव्य'ने, लातूरजवळच्या 'सेवालय'ने सांभाळलं. या संस्थांनी वाढवलेली मुलं आज नोकऱ्या करतात, संसार करतात. पण त्यांच्याबरोबर वाढलेले सगळेच जगले असं नाही, आणि उरलेल्यांना ते गेलेले सोबती आठवतात.

या मुलांना गोळी कशासाठी आहे हे कोणी सांगत नसे. "शक्तीची आहे", "छातीत पाणी झालं होतं त्याची आहे", "ताप येऊ नये म्हणून". मग कधीतरी मूल आमच्या केंद्राच्या भिंतीवरचं पोस्टर वाचायचं, किंवा शाळेत विज्ञानाच्या तासाला एड्सचा धडा यायचा आणि त्याच्या लक्षात यायचं की हे माझ्याबद्दल आहे. त्याच वेळी त्याला हेही कळायचं की बाबा कशाने गेले, आईला काय आहे, आणि घरातले सगळे इतकी वर्षं आपल्याशी खोटं बोलत होते. तेरा-चौदाव्या वर्षी एवढं सगळं एका तासात कळणं, आणि वर आईची ताकीद, "कोणाला सांगायचं नाही हं." खरं तर मूल सहा-सात वर्षांचं झालं की त्याला झेपेल एवढं थोडं थोडं सांगत जावं आणि बाराव्या वर्षापर्यंत नाव घेऊन सांगावं. ज्या घरांनी असं केलं त्यांची मुलं औषधाला टिकतात हा माझा अनुभव आहे. तुमच्या भाचीला कधी, कोणी आणि कसं सांगितलं, हे बहिणीला एकदा जरूर विचारा. गोळ्या का बंद झाल्या याचं उत्तर अनेकदा तिथे सापडतं.

दुसरं असं की तुमची भाची आजारी पडलेली नाही. आईला गोळीने उठवून बसवलं, म्हणून आईचा गोळीवर विश्वास आहे. मुलीला गोळी देते काय, तर रोज रात्री एक आठवण, की तू बाकीच्यांसारखी नाहीस. होस्टेलवर किंवा फ्लॅटवर तीन मुली एका खोलीत असतात. डबी वाजते. कोणीतरी विचारतं, कसली गोळी गं? एकदा थायरॉइडची सांगितली, एकदा व्हिटॅमिनची. मग एखादी रूममेट गुगलवर नाव टाकून बघेल या धास्तीने डबी कपाटात खाली जाते, तिथून बॅगेत आणि बॅगेतच राहते. आमच्याकडे या वयाची मुलं औषध सोडून येतात तेव्हा बहुतेकांची गोष्ट इथून सुरू होते. किंवा कोणीतरी आवडायला लागलेलं असतं. त्याला सांगायची हिंमत नसते, सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, आणि या कोंडीत राग निघतो तो गोळीवर.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गोळ्या आजही आई आणून पाठवते. नोकरी करणाऱ्या मुलीचं हिरवं पुस्तक, म्हणजे केंद्रातली उपचारांची नोंदवही, आईच्या पिशवीत आहे. म्हणजे हा आजार अजूनही आईच्या ताब्यात आहे. लहानपणी काळजी म्हणून जे केलं ते कधी सोडून द्यायचं हे आयांना कळत नाही, आणि लेकरू जगावं म्हणून इतकं सोसलेल्या आईला तर ते फारच जड जातं.

आज नव्याने रिपोर्ट येणाऱ्या तरुणांचं आणखी वेगळं असतं, ते थोडक्यात सांगते. त्यांनी एड्सने मेलेलं माणूस पाहिलेलंच नसतं. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्यूटेग्राव्हिर मिळून रात्री एकच गोळी, काही दिवसांत सुरू. सहा महिन्यांनी व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, रिपोर्ट येतो, त्यावर 'टीएनडी' लिहिलेलं असतं, म्हणजे विषाणू मोजमापात सापडला नाही. अशा माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. २०११ साली जाहीर झालेल्या मोठ्या अभ्यासाने उपचारामुळे लागण ९६ टक्क्यांनी घटते हे दाखवलं, त्यात पुण्याच्या 'नारी' या एड्स संशोधन संस्थेतली जोडपीही होती. नंतरच्या अभ्यासांनी उरलीसुरली शंकाही मिटवली. औषधाने एवढा पल्ला गाठला, पण घरी सांगायची भीती जवळपास तशीच आहे. समलैंगिक मुलांना तर दोन गोष्टी सांगायच्या असतात. ३७७ कलम २०१८ मध्ये सौम्य झालं तरी घरचे मुली बघायला नेतच असतात. आखाती देशांत नोकरीला जायचं म्हटलं तर मेडिकलमध्ये एचआयव्ही निघाला की व्हिसा नाकारतात, तिथे आपला कायदा चालत नाही. "आता हे बीपी-शुगरसारखंच झालं" असं आम्हीही समुपदेशनात म्हणतो. ते शरीरापुरतं खरं आहे. बीपीची गोळी कोणी चॉकलेटच्या डब्यात लपवत नाही.

कायद्याने मात्र खरोखर काही दिलं आहे आणि ते भाचीला माहीत असायला हवं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कामगाराच्या बाजूने निकाल दिला, की माणूस काम करायला सक्षम असेल तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. त्याच खटल्यात नाव उघड न करता दाद मागायची वाटही मोकळी झाली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एचआयव्ही असलेल्यांच्या लग्नाच्या हक्कावरच बोट ठेवलं होतं, ते २००२ मध्ये मागे घेतलं. आणि २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कोणाला सांगणं नाही, नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचं घर यांत भेदभाव नाही. कंपनीत तिने कोणाला सांगायची गरज नाही.

आता करायचं काय ते. बहिणीला भाचीपासून थोडे दिवस लांब ठेवा आणि तुम्ही स्वतः पुण्याला जा. "आईने किती सोसलं" हे वाक्य एकदाही काढू नका. तिने ते हजारदा ऐकलेलं आहे आणि प्रत्येक वेळी तिला आपण कर्जात असल्यासारखं वाटतं. "गोळ्या का टाकल्यास" असंही विचारू नका. "घेताना त्रास कुठे होतो? चवीचा, वेळेचा, रूममेटचा, की नकोच वाटतं?" असं विचारा आणि गप्प राहून ऐका. ती रडली, चिडली तरी चालेल. नकोच वाटतं, जगायचाच कंटाळा आलाय, असं काही निघालं तर ते नैराश्य असू शकतं. मानसोपचारतज्ज्ञाची मदत लगेच घ्या.

मग तिचं नाव पुण्यातल्या केंद्रात बदलून घ्या. ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम, सगळीकडे एआरटी केंद्र आहे. जुन्या केंद्रातून ट्रान्सफरचा कागद आणि हिरवं पुस्तक घ्यावं लागेल. ते पुस्तक यापुढे तिच्याकडेच राहू द्या. तिथे गोळ्या किती दिवस बंद होत्या ते खरं सांगायला सांगा. पुष्कळ मुलं "घेतो" म्हणतात आणि डॉक्टरांना वाटतं की औषधच लागू पडत नाही, मग उगाच दुसऱ्या फळीची औषधं सुरू होण्याची वेळ येते. खंड पडलेले रोजच येतात, केंद्रात त्याचं कोणाला नवल नसतं. सीडी फोर होईल, टीबीची चौकशी होईल, गोळ्या सुरू होतील. हल्लीच्या औषधाला विषाणू सहजासहजी निर्ढावत नाही, त्यामुळे नीट घेतल्या तर व्हायरल लोड खाली यायची शक्यता चांगली आहे. पुढच्या तपासणीत तो १००० च्या वर निघाला तर तीन महिने दर महिन्याला समुपदेशन करून पुन्हा मोजतात, आणि तरीही उतरला नाही तरच औषध बदलायचा विचार करतात. मूळ डबीतूनच गोळी घ्यायला हवी असं नाही. केंद्रातल्या फार्मासिस्टला विचारून दुसऱ्या साध्या, कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवता येते. रात्रीचीच वेळ हवी असंही नाही. सकाळी ऑफिसला निघताना घेणं तिला सोपं असेल तर सकाळी, फक्त रोज तीच वेळ.

लग्नाचं आणि मुलांचं ती विचारेल, किंवा विचारणार नाही पण मनात असेल. तुम्ही होऊन सांगा. व्हायरल लोड दबलेला असेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात एक-दोनच्याही खाली येतं. बाळाला जन्मल्यावर काही आठवडे औषध देतात, सहाव्या आठवड्यापासून तपासण्या होतात आणि अठराव्या महिन्यात शेवटचा निकाल मिळतो. जोडीदाराला लग्नाआधी सांगायलाच हवं. कसं सांगायचं याची तयारी समुपदेशक तिच्याकडून करून घेतात, हवं असेल तर दोघांना समोर बसवून सांगतात. पॉझिटिव्ह मुलामुलींचे वधूवर मेळावेही होतात, पण तिथेच जायला हवं अशी सक्ती तिच्यावर करू नका. निगेटिव्ह जोडीदाराबरोबर सुखाने राहणारी कित्येक जोडपी आमच्याकडे येतात.

आणि बहिणीकडेही बघा. इतकी वर्षं तिने सीडी फोर सांभाळला, पण बीपी, साखर, कोलेस्टेरॉल कधी तपासलं का? तिच्या पिढीच्या बायका आता पन्नाशीला आल्या आहेत. नव्या औषधाने काहींचं वजन वाढतं, जुन्या औषधांनी आणि वयाने हाडं ठिसूळ होतात. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर बायकांच्या सहापट असतो, त्याची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. तिने ती केलेली नसेल, कारण तिला कोणी पाठवलंच नसेल. मुलीच्या गोळ्यांची जबाबदारी तिच्या हातून गेली की तिला हात रिकामे वाटतील. तेव्हा तिला तुमच्या जिल्ह्यातल्या पॉझिटिव्ह लोकांच्या संघटनेत घेऊन जा. तिथे नुकताच रिपोर्ट आलेल्या बायका येतात आणि त्यांना तिच्याइतकं कोणीच सांगू शकणार नाही. केंद्राचा पत्ता किंवा आणखी काही विचारायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. भाचीने स्वतः फोन केला तर उत्तम, नाव सांगावं लागत नाही.